शांतवनमामांची लढाई

शांतवनमामा चालवत असलेली गाडी कधी पंक्चर होत नसे. तिच्यावर हल्ला होत असे.

गाडी आमच्या मंडळीची, म्हणजे सांगलीतल्या आमच्या चर्चची. जुनी व्हॅन. महिन्यातून दोनदा ती रहिमतपूरच्या बाजूला जाते आणि एकदा पार सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यापर्यंत. तिकडच्या गावांत दोन-दोन, तीन-तीन ख्रिस्ती घरं आहेत. त्यांच्याकडे उपासना घ्यायची, बोलावलं तर शेजारच्या घरी आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची, कुणी विचारलंच तर येशूबद्दल सांगायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं, असं ते काम. या कामाच्या समितीची मी सेक्रेटरी. एरवी माधवनगरच्या एका शाळेत हेडक्लार्क आहे. सतरंज्या किती घेतल्या, गीतांची पुस्तकं किती, पेटी कुणाच्या मांडीवर, पाण्याचा जार कुणी भरायचा, याच्या याद्या मी करते. मामा गाडी चालवायचे आणि सैतानाशी लढायचे.

मामा सैन्यात सिग्नलमध्ये हवालदार होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी शर्टाची इस्त्री आणि मिशीचे कोन तसेच. प्रार्थनेला ते 'लाइन' म्हणत. गाडी सुरू करण्याआधी मागे वळून सांगत, "चला, लाइन जोडून घ्या." कुणी जांभई दिली की, "लाइन कापली बगा." चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की माझ्याकडे झुकून हळूच म्हणत, "वरनं लाइन बिझी हाय."

त्यांच्या घरात भिंतीवर सातारा आणि सांगली जिल्ह्यांचे नकाशे होते. त्यांवर लाल डोक्याच्या टाचण्या. प्रत्येक टाचणी म्हणजे शत्रूचं एक ठाणं. एकट्या खंबाटकी घाटात तीन टाचण्या होत्या, कारण आमची व्हॅन तिथे हटकून तापायची. मी एकदा म्हटलं, मामा, रेडिएटर गळतंय. ते शांतपणे म्हणाले, "गळत न्हाई बाई. गळवलं जातंय."

गाडीच्या दुरुस्तीची एक वही मी ठेवली होती. तारीख, बिघाड, कारण, उपाय असे चार रकाने. कारणाच्या रकान्यात मी लिहायचे, 'टायर झिजले'. पुढच्या खेपेला वही उघडावी तर त्यावर लाल पेन्सिलीची रेघ आणि शेजारी ठसठशीत 'शत्रू'. मी शत्रू खोडून टायर लिहायचे, ते टायर खोडून शत्रू. शेवटी कागद फाटला. तोही हल्लाच होता.

यातून व्हायचं तेच झालं. टायर बदलायचा विषय समितीपुढे आला, तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदाने शंका काढली की कारण जर शत्रू असेल तर नवे टायरही फुटणारच. यावर चार शहाण्यासुरत्या माणसांनी पाऊण तास चर्चा केली आणि टायरसाठी एक दिवसाचा उपास ठेवायचं ठरलं. ठराव मीच लिहिला. उपासही केला. सेक्रेटरी म्हटल्यावर करावाच लागला. पुढच्याच फेरीत रहिमतपूरच्या अलीकडे उजवीकडचं मागचं चाक बसलं. मामा जॅक लावता लावता खुशीत म्हणाले, "बगा, किती बिथरलाय त्यो."

मग मी पाळकसाहेबांना गाठून टायर बदलूनच घेतले. त्यानंतर वर्षभर एकही टायर बसला नाही. मी मामांना विचारलं, आता काय म्हणता? ते म्हणाले, "उपास लागू पडला. जरा उशिरा पडला, येवढंच."

हे सांगताना हसू येतं, पण मी काही अविश्वासी बाई नव्हे. लहानपणापासून प्रार्थना करत आले आहे. जगात दुष्टपणा आहे आणि तो नुसता माणसांच्या डोक्यातला नसावा, असं मलाही वाटतं. पण तो कुठे संपतो आणि झिजलेलं रबर कुठे सुरू होतं, याची यादी मला अजून करता आलेली नाही. पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणतात, दोन्ही बाजूंनी विचार करावा. तो करून करून मी दमले आहे.

मामांना जागेवर ठेवणारं एकच माणूस होतं, त्यांच्या पत्नी एस्तेरमामी. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. मामा घरी येऊन दिवसभराच्या हल्ल्यांचा पाढा वाचायला लागले की भाकरी थापता थापता त्या म्हणायच्या, "सैतानाला दुसरा उद्योगच न्हाई जणू. येवढं जग सोडून ह्यांच्याच मागं." भाकरी करपली की मामांनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकायच्या, "हल्ला न्हाई. मी फोनवर बोलत हुते."

या मामींच्या पोटात गाठ निघाली. सांगलीतल्याच दवाखान्यात ऑपरेशन झालं, चार महिने बरे गेले आणि गाठ परत आली. मामांनी डॉक्टरांचं सगळं ऐकलं. औषधाची वेळ पाच मिनिटंसुद्धा चुकू दिली नाही. पण त्याबरोबर त्यांनी युद्धही पुकारलं. मला म्हणाले, मोठा हल्ला आहे, आता सगळ्या लाइनी लागतील.

म्हणजे प्रार्थनेची साखळी. चोवीस तास, प्रत्येकाने एक तास, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. दिवसाच्या पाळ्या दवाखान्यात, रात्रीच्या ज्याच्या त्याच्या घरी. तक्ता मी केला. पहिल्या आठवड्यात नावं जास्त आणि तास कमी अशी स्थिती होती. दुसऱ्या आठवड्यात माणसं घड्याळ बघू लागली. तिसऱ्या आठवड्यात मी रोज फोन करत होते. कुणाची कामावरची पाळी बदललेली, कुणाचे गुडघे धरलेले, कुणी नुसतंच, बघते बाई, म्हणायचं. रिकाम्या चौकटीत मी माझं नाव घालत गेले. दुपारी चार ते पाच तर कायमची माझी झाली.

मामा स्वतः कुठल्याच चौकटीत नव्हते, कारण ते सगळ्याच चौकटीत होते. मामींच्या खोलीबाहेरच्या बोळात ते उभे राहून लढायचे. बसायचे नाहीत. आजाराला मोठ्याने हुकूम द्यायचे, नीघ, सोड हिला. सिस्टर येऊन रागावली, इतर पेशंट घाबरतात म्हणाली, तेव्हापासून ते कुजबुजत लढू लागले. औषध द्यायला आत जायचे, सलाइनची बाटली बघायचे आणि लगेच बाहेर, ड्यूटीवर.

एक दिवस शाळेतून निघून मी पातळ पेज घेऊन गेले. साडेतीन झाले असतील. मामी जाग्या होत्या. चार चमचे घेऊन त्यांनी मान फिरवली. पायाची नखं वाढलीत, चादरीत अडकतात, सिस्टरला सांगायला बरं वाटत नाही, असं काहीबाही बोलत होत्या. मग म्हणाल्या, "सेक्रेटरीबाई, तुमचा त्यो तक्ता बंद करा."

मी विचारलं, का हो?

"दमले मी. समदी येऊन माझ्या अंगावर लढत्यात. आन् ह्यो माणूस तीन आठवडं झालं, माझ्याजवळ बसला न्हाई. पहाऱ्यावर हाय. मेल्यावर बसणार हाय का?"

मी पेजेचं भांडं झाकून ठेवलं.

"त्यास्नी म्हणावं, हरलो तर हरलो. हितं येऊन बसा."

निरोप पोचवणं हे माझं कामच आहे. पण तो बोळ मला त्या दिवशी लांब वाटला. मामा भिंतीला पाठ लावून उभे होते, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. दाढी वाढली होती. इतक्या वर्षांत मी त्यांना दाढी वाढलेलं पाहिलं नव्हतं. गोड करून सांगणं मला जमत नाही. मामी जे म्हणाल्या ते मी जसंच्या तसं सांगितलं.

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "मी बसलो तर लाइन कोन धरणार?"

मी म्हटलं, डॉक्टर आहेत. प्रभू आहे.

"त्येच तर," ते म्हणाले. इकडे तिकडे बघून त्यांनी आवाज आणखी खाली घेतला. "बाई, ह्यो हल्ला नसलाच तर?"

मी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"शत्रू असला की लढाया येतं. न्हाईच म्हणलं, तर ही गाठ कुणी दिली? त्यानंच दिली म्हणायचं का? मग त्याच्यासंगं कसं लढायचं? मी तर त्याच्याच फौजेत हाय."

हा प्रश्न पाळकसाहेबांकडे न्यावा असा होता, पण पाळकसाहेब नव्हते, मी होते. मी म्हटलं, "मला ठाऊक नाही, मामा. मामींच्या पायाची नखं वाढलीत. चादरीत अडकतात."

माझ्या पर्समध्ये नेलकटर असतो. तो मी त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि आत गेले.

दाराच्या काचेतून दिसत होतं. त्यांनी स्टूल ओढलं. मांडीवर रुमाल पसरला आणि मामींचा पाय उचलून त्यावर ठेवला. एवढ्या जपून, की मला वाटलं, आता घेणारच नाहीत कापायला. मग पहिलं नख कापलं. मामी डोळे मिटूनच म्हणाल्या, "आवं, हळू. बोट माझं हाय." यावर मामा काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. पण मामी हसल्या, आणि हसल्यामुळे खोकल्या, आणि खोकला थांबेपर्यंत मामांनी तो पाय दोन्ही हातांत धरून ठेवला.

चार वाजले. माझी पाळी सुरू झाली म्हणून मी बाकावर बसले. डोळे मिटले. काय मागावं ते सुचेना. विजय मागावा तर कुणावर, आणि बरं वाटू दे म्हणावं तर आता आशा नाही, असं डॉक्टरांनी मला आदल्या दिवशीच बाजूला घेऊन सांगितलेलं होतं. मी काही मागितलं नाही. नुसती बसून राहिले.

पाच वाजता पुढच्या पाळीच्या बाई आल्या. माझ्या कानाशी लागून त्यांनी विचारलं, "काही फरक?"

मी काचेकडे बोट दाखवलं. आत अजून दुसऱ्या पायाचं तिसरं बोट चाललं होतं. त्या बाईंनी थोडा वेळ बघितलं, हातातलं बायबल पिशवीत ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.