गजाभाऊंचा मुका चंद्र

गजाभाऊंबरोबर रस्त्यानं चालायचं तर हातभर अंतर ठेवून चालावं लागे. हा माणूस तोंडानं बोले त्यापेक्षा हातांनी जास्त बोले. 'पाऊस आला' म्हणताना दहाही बोटं वरून खाली यायची आणि 'टांगा उलटला' म्हणताना अख्खा हात उलटा व्हायचा. एकदा भद्रकालीच्या रस्त्यावर विमान कसं वळतं हे ते मला सांगत होते, आणि समोरून येणाऱ्या एका वकिलांची पगडी थेट गटारात गेली. वकील संतापले. गजाभाऊ शांतपणे म्हणाले, "एवढ्याशा धक्क्यानं पगडी पडणं शास्त्रात बसत नाही. सैल असणार."

'शास्त्रात बसत नाही' हे त्यांचं पालुपद. टांगेवाल्याचं भाडं, माझी छत्री धरायची पद्धत, शेजारच्या बाईंचं गाणं, यातलं काहीही शास्त्रात बसत नसे. धंदा फोटोग्राफीचा. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याची हनुवटी शास्त्रात बसवता बसवता ते इतका वेळ लावायचे, की मांडीवरचं पोर झोपून जायचं. मग ते पोराला उठवायचे आणि हसायला सांगायचे. पोर कसलं हसतंय, भोकाड पसरायचं.

अशा या माणसानं एका चैत्रातल्या संध्याकाळी मला सांगितलं, "मास्तर, आपण चंद्रावर जायचं."

मी शाळेत भूगोल शिकवतो. म्हटलं, माणूस उन्हातून आलाय, पाणी द्यावं. पण स्वारी गंभीर होती. मुंबईच्या कुठल्याशा बुडालेल्या कंपनीचा हातानं फिरवायचा कॅमेरा त्यांनी पैदा केला होता. मोठ्या कंपन्यांनी टाकून दिलेले फिल्मचे उरलेसुरले तुकडेही डब्यात भरून आणले होते. माणूस विमानात बसून चंद्रावर जातो, तिथल्या राजाला भेटतो आणि परत येतो, एवढी गोष्ट. आणि सिनेमा मुका.

"अहो, बोलपट येऊन एवढे दिवस झाले. आता मुका सिनेमा कोण बघणार?"

"मास्तर, चंद्रावर हवा आहे का?"

"नाही."

"मग आवाज कुठून येणार? चंद्रावर बोलपट हे शास्त्रातच बसत नाही!"

भूगोलाच्या मास्तराचीच दांडी गुल. चंद्राचा राजा मीच व्हायचं, असंही तिथल्या तिथे ठरलं. कारण विचारलं तर माझ्या टकलाकडे बोट दाखवून म्हणाले, "हवा नाही तिथे केस कसे उगवतील?"

विमानाचं काम उस्मानभाईंकडे गेलं. पत्र्याच्या ट्रंका बनवाव्या तर त्यांनीच. त्यांनी एक जुना पितळी बंब उभा केला, त्याला पत्र्याचे पंख डकवले आणि स्वतःच आत शिरले. सिनेमात विमान चालवणारा माणूसही तेच होते. धूर हवा म्हणून गजाभाऊंनी खाली गोवऱ्या पेटवल्या. थोड्या वेळानं बंबातून आवाज आला, "ओ भाऊ, चंद्रावर नेताय का आंघोळीचं पाणी तापवताय?"

सोमेश्वराच्या पुढं गोदावरीचं पात्र उन्हाळ्यात आटतं आणि नुसता काळा खडक उघडा पडतो. तोच आमचा चंद्र. त्यावर चुलीतली राख पसरली. मी चहाच्या पेट्यांमधल्या चमकत्या कागदाचा अंगरखा घालून भर उन्हात उभा राहिलो. गजाभाऊ हॅन्डल फिरवायला लागले आणि मागून एक म्हैस सावकाश येऊन माझ्याशेजारी उभी राहिली.

"ए, म्हैस काढ! चंद्रावर म्हैस शास्त्रात बसत नाही!" गजाभाऊ ओरडले.

गुराखी काठावरूनच म्हणाला, "तिला काय ठावं चंद्र हाय का नाय? रोजचीच जागा हाय तिची."

फिल्म वाया घालवणं परवडणारं नव्हतं. म्हैस राहिली. पुढं पडद्यावर तिच्यासाठी 'चांद्रपशू' अशी अक्षरांची पाटी लागली, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा काम तिचंच चांगलं झालं.

माझं काम म्हणजे राजाचं भाषण. चंद्रावर आवाज नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. एकेक खूण गजाभाऊंनी माझ्याकडून घोकून घेतली. नाक चिमटीत धरायचं, मग पाच बोटं वर उसळवायची, मग कान खाजवल्यासारखं करायचं. शेवटी मूठ छातीला लावायची आणि समोर तळहात उघडायचा. जरा चूक झाली की किंचाळायचे, "करंगळी! मास्तर, करंगळी वाकली की अर्थ बदलतो!" अर्थ मात्र सांगायचे नाहीत. पृथ्वीवासीयांचं स्वागत वगैरे असेल, असं समजून मी आपला दरबारी थाटात हातवारे करत होतो. तालमी नदीवरच घ्यायच्या, घरी घ्यायला सक्त मनाई.

घरी त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, होत्या. लहानपणच्या तापात त्यांचे कान गेले आणि त्यामागून बोलणंही. लग्नानंतर गजाभाऊंनी त्यांना पाटीवर अक्षरं शिकवली. आम्ही घराच्या पुढच्या खोलीतल्या स्टुडिओत बसायचो, त्यामुळे त्यांचा आणि आमचा संबंध दाराआडून येणाऱ्या चहापुरता. पूर्वी दर शनिवारी दोघं जोडीनं सिनेमाला जायची. बोलपट सुरू झाले आणि ते बंद पडलं. का, ते मला थिएटरच्या शेठजींसमोर कळलं.

शेठजींचं जुनं मुकं यंत्र पावसाळ्याआधी मालेगावकडच्या तंबूत सिनेमे दाखवणाऱ्याकडे जाणार होतं. ते गेलं की गावात मुका सिनेमा दाखवायची सोयच उरणार नव्हती. त्याआधी एकच खेळ मिळावा म्हणून गजाभाऊ अडून बसले. शेठजी म्हणाले, "देतो. पण राजाच्या भाषणाला पाट्या लावा, नाहीतर पेटी-तबला तरी बसवा. पब्लिक बाकं मोडेल माझी."

"पाट्या नाहीत आणि पेटीही नाही."

"का पण?"

गजाभाऊ पहिल्यांदाच हात न हलवता बोलले. "शेठजी, आमच्या घरातून यायच्या आहेत बघायला. मागं बोलपटाला नेलं होतं. सगळं थिएटर हसत होतं आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मध्यंतरातच उठून आलो. एकदा तिला तिथे हसताना बघायचंय. एवढंच."

शेठजींनी शनिवार दिला.

गर्दी बरी जमली. खेळ फुकट, आपलं काय जातंय म्हणून निम्मं गाव आलं होतं. वहिनी बायकांच्या बाजूला पुढच्या बाकावर बसल्या. बंब उडाला, टाळ्या पडल्या. म्हशीला तर शिट्ट्या. मग मी आलो. चमकत्या कागदात, टकलावर ऊन घेऊन भाषणाला उभा राहिलो. एक नाही, दोन नाही, माझे आपले हातवारे चालूच! लोक चुळबुळायला लागले. मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज! आवाज!" झालं, सगळं थिएटर ओरडायला लागलं. बाकं आपटायला लागली. मला वाटलं, गजाभाऊ संपले.

आणि तेवढ्यात एक हसू फुटलं. मोठं, मोकळं, जरा चिरकं. आपला आवाज केवढा आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाचं हसू. वहिनी उभ्या राहिल्या होत्या. डोळ्याला पदर लावून हसत होत्या, पडद्यावरच्या राजाला हातांनी फाडफाड उत्तरं देत होत्या, आणि शेजारच्या बायकांना हलवून पडद्याकडे बोट दाखवत होत्या. ओरडा थांबला. आधी त्या बायका हसल्या, मग पोरं, मग सगळं थिएटर. कुणाला काही कळत नव्हतं, तरी पोट धरधरून हसत होते. गजाभाऊ पडद्याच्या कडेला उभे होते, पडद्याकडे पाठ करून. त्यांनी आपला सिनेमा पाहिलाच नाही.

बाहेर पडल्यावर मी त्यांना गाठलं. "अहो, मी बोलत होतो तरी काय?"

"तुम्ही? तुम्ही म्हणालात, सासूबाई आल्या, पदर घे. दूध उतू चाललंय, लक्ष कुठंय? आणि ते मांजर पुन्हा घरात शिरलंय."

म्हणजे ती चंद्राची भाषा त्यांच्या स्वयंपाकघरातली होती! दोघांनी मिळून केलेली, जगात दोघांनाच येणारी. आणि तिचा राजा मी! मला हसू आवरेना.

"आणि शेवटचं? छातीला मूठ, मग उघडा हात?"

गजाभाऊंनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. कानापर्यंत लाल झाले.

"ते... ते शास्त्रात बसत नाही, मास्तर."

पुढं टांग्यात बसलेल्या वहिनींनी मागं वळून पाहिलं. त्यांनी मूठ छातीला लावली आणि आमच्या दिशेनं तळहात उघडला.

गजाभाऊंचे हात खिशातून बाहेर यायला लागले. मी आपण होऊन हातभर लांब सरकलो.