माईच्या चेहऱ्याचा ट्रेडमार्क

आमच्या वाणगावच्या बाजूला चिकू कोणाकडे नाही ते सांगा. सगळ्यांकडे आहेत! पण चिकूच्या सुकवलेल्या फोडींना स्वतःचा ट्रेडमार्क असलेला माणूस अख्ख्या पट्ट्यात एकच, आणि तो म्हणजे मी, नरहरी चुरी. निदान गेल्या वर्षी मी भेटेल त्याला असंच सांगत सुटलो होतो. कोणी नुसतं 'काय नरू, बरं आहे ना?' विचारलं तरी मी ट्रेडमार्कवर यायचो. शेवटी शेवटी लोक मला बघून रस्ता बदलायला लागले, पण तो त्यांच्या मत्सराचा भाग होता.

मुळात हे खूळ मी उगाच घेतलं नव्हतं. मुंबईच्या एका मोठ्या दुकानदाराला माझ्या फोडी आवडल्या होत्या. तो म्हणाला, माल उत्तम आहे, पण आधी नाव नोंदवून घ्या; उद्या दुसऱ्या कोणी तेच नाव लावलं तर मला भानगड नको. म्हटलं, ठीक! मी तडक पालघरला भाग्येशकडे गेलो. भाग्येश हा ट्रेडमार्कचे अर्ज भरून देणारा तरुण माणूस, नेहमी इस्त्रीच्या शर्टात. त्याने समजावलं की 'चिकू फोडी' असं नाव कोणालाच मिळणार नाही, काहीतरी आपलं स्वतःचं, वेगळं पाहिजे.

वेगळं म्हणजे माई! माझी आई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नाकात नथ आणि दात नसलेलं ऐसपैस हसू. त्या चेहऱ्यासारखा दुसरा चेहरा आमच्या जिल्ह्यात नाही. नाव ठरलं 'माईची वाडी', आणि वर माईचा फोटो. जिवंत माणसाचा चेहरा लावायचा तर त्याची लेखी संमती लागते, म्हणून भाग्येशने माईची सही घेतली. माईने एकच विचारलं, "नथ नीट दिसंल ना?"

अर्ज दाखल झाला. नोंदणी व्हायची होती, पण नावापुढे टीएम, म्हणजे ट्रेडमार्कची दोन इंग्रजी अक्षरं, लिहायची मुभा होती. मी ती मुभा सोडली नाही. जाड कापडी पिशव्यांवर लिहिलं, वाडीच्या फाटकावर लिहिलं, स्कूटरवर लिहिलं. बायको जागृती म्हणाली, माझ्या पाठीवर तेवढं लिहायचं राहिलंय. मी दुर्लक्ष केलं. धंदा म्हटला की प्रसिद्धी आली! मी माईला बजावून सांगितलं, येईल त्याला पिशवी दे, हात आखडू नकोस, आपलं नाव घराघरांत पोचलं पाहिजे.

ते पोचलं. इतकं पोचलं की मला झीट यायची बाकी राहिली.

झालं असं, की एका रविवारी मी बोईसरच्या बाजारात गेलो होतो. रविवारी कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे कुंभवलीपासूनचे कामगार बाजारात लोटलेले. सुक्या मासळीच्या ओळीत एका कोळणीपुढे ही गर्दी! आणि त्या गर्दीतून जो तो बाहेर पडत होता, त्याच्या हातात माझी आई हसत होती. म्हणजे माझी पिशवी! 'माईची वाडी', टीएम, नथ, सगळं जागच्या जागी. आणि पिशवीच्या तोंडातून बोंबलांची डोकी बाहेर आलेली!

"मौसी, माईवाला बोंबील है क्या?" एकजण विचारत होता.

माईवाला बोंबील! मी इथे मान खाली घालून चिकू सोलायचा, कापायचा, वाळवायचा, सरकारी फी भरायची, आणि नाव कोणाचं, तर बोंबलाचं! मी गर्दीत घुसलो. समोर सोजराबाई. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली, माईची जुनी मैत्रीण. मला बघून तिला आनंदच झाला. मी तिला विचारलं, मावशी, ही पिशवी कोणाच्या परवानगीने वापरतेस?

"परवानगी कसली रं नरू?" ती म्हणाली. "तुज्या आयनं चिकू भरून धाडली, मी बोंबील भरून धाडली. तिनं परत चिकू भरून धाडली. रिकामी पिशवी कोन धाडतं काय?"

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. आमच्याकडे वाडी आणि कोळीवाडा यांचं हे फार जुनं देणंघेणं आहे. पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीला सुकी मासळी वाडीत येते, नारळ, केळी, चिकू किनाऱ्यावर जातात, आणि आलेलं भांडं किंवा पिशवी रिकामी परत करणं म्हणजे घरच्यांना अपशकुन करण्यासारखं. माई माझ्या हुकमाप्रमाणे सढळ हाताने पिशव्या देत होती, आणि सोजराबाई त्या रिकाम्या ठेवत नव्हती. वरताण म्हणजे गिऱ्हाइकांना वर्तमानपत्राच्या पुडीपेक्षा कापडी पिशवी आवडली. मग छापून उरलेल्या रिकाम्या पिशव्याही सोजराबाई माईकडून गठ्ठ्याने मागून न्यायला लागली, आणि माईनेही दिल्या!

मी तसाच पालघरला भाग्येशकडे. म्हटलं, काहीही कर, पण चिकूच्या नावावर मासळी विकायची नाही असं लिहून आण. बोंबील कुठे आणि फळ कुठे! भाग्येशने चष्मा पुसला आणि मला समजावलं, की कायद्यात मालाचे वर्ग पाडलेले असतात, आणि सुकवलेली फळं आणि सुकवलेली मासळी एकाच वर्गात येतात.

"एकाच?"

"एकोणतीस नंबर. तुमचा चिकू आणि त्यांचे बोंबील शेजारीच बसलेत, काका."

काय हा अन्याय! पण मग भाग्येश म्हणाला, उलट हे तुमच्या फायद्याचं आहे, एकाच वर्गात असल्यामुळे तुमचं त्यांच्याविरुद्ध म्हणणं भक्कम आहे. हे ऐकून मला हुरूप आला. मी भाग्येशच्या ओळखीच्या वकिलाकडून सोजराबाईला कडक भाषेतली नोटीस पाठवून दिली. वकिली कागदाला ती घाबरेल, पिशव्या परत करेल आणि प्रकरण मिटेल, असा माझा साधा सरळ हिशोब होता.

सोजराबाई घाबरली नाही. तिने नोटीस एका पिशवीत घातली, वर सुकट भरली, आणि पिशवी माईकडे पाठवून दिली.

माईने सुकट डब्यात काढली. खालून नोटीस निघाली. माईला वाचता येत नाही असं नाही, पण ती माझ्या मुलीकडून वाचून घेते. दिशा माझी मुलगी, नुकतीच वकील झालेली, पालघरच्या कोर्टात जाते. तिने ओटीवर बसून अख्खी नोटीस मोठ्याने वाचली. 'माझ्या अशिलाच्या प्रतिष्ठेस आपल्या मासळीमुळे बाधा पोचत आहे' हे वाक्य तिने दोनदा वाचलं. गरज नव्हती.

रात्री जेवताना माईने मला सुकटीऐवजी चिकूची आमटी वाढली. चिकूची आमटी असते का कुठे? पण होती! मी निमूट ओरपली, कारण माईचा चेहरा पिशवीवर हसत असला तरी ताटापलीकडे तो मुळीच हसत नव्हता.

पुढे आमचा अर्ज सरकारी जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर चार महिने कोणालाही हरकत घेता येते. मुंबईचा दुकानदार रोज विचारत होता, झालं का, झालं का? मी म्हणायचो, आता कोण हरकत घेणार, आमच्यासारखं सरळ नाव दुसऱ्या कोणाचं आहे? आणि एके दिवशी भाग्येशचा फोन आला. आवाज पडलेला.

"काका, हरकत आलीय."

"त्या सोजराबाईची?"

"नाही. माईंची."

आणि वकील कोण? कुमारी दिशा नरहरी चुरी! माझ्या मीठभाकरीवर वाढलेली, माझ्याच पैशाने वकील झालेली मुलगी माझ्याच विरुद्ध, माझ्याच आईतर्फे, माझ्याच घरातल्या टेबलावर बसून टाईप करते! मी तिला जाब विचारला. ती म्हणाली, "बाबा, माझी पहिली केस आहे. अशील घरातलं मिळालं, नाही कसं म्हणू?" हे म्हणताना ती माझ्याकडे बघून हसली सुद्धा, माईसारखीच.

मी माईपुढे गेलो. म्हटलं, माई, संमती तू दिलीस, सही केलीस, आता हरकत कसली? मी हे सगळं कोणासाठी करतोय? घरासाठीच ना?

माई केळीच्या सोपटांतून दोर काढत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "चेहरा माझा हाय. सोजरा माझी मैतरीन हाय. त्यात तुजं काय हाय?"

मग माईने मान वर केली. "तू पोटात असताना माझ्या तोंडाला काय बी चालत नव्हतं. सोजरानं भाजलेला बोंबील आनून दिला तवा दोन घास गेले. त्या बायला तू कागद धाडलास." मला खरोखर लाज वाटली. राग होताच, पण त्यात लाज मिसळली, आणि त्या दोन्हीचं एकत्र काय करायचं ते मला कळेना.

तडजोड दिशानेच घडवून आणली. अर्ज माईच्या नावावर करून द्यायचा. माई मालकीण. मी आणि सोजराबाई, दोघांना तिची लेखी परवानगी, चिकूला आणि मासळीला. हरकत मागे. मुंबईच्या दुकानदाराला नाव पक्कं झालं म्हणजे झालं, त्याला मालकीण माई असो की कोणी. म्हणजे नाव सुचवलं मी, पिशव्या छापल्या मी, धावपळ केली मी, आणि आता मी माझ्याच आईचा परवानाधारक! वर माईची एक अट, की येत्या रविवारी बोईसरला जाऊन सोजराची माफी मागायची आणि दिवसभर तिच्या शेजारी बसायचं.

गेलो. मागितली. सोजराबाईने हात हलवून उडवून लावलं आणि मला बसायला फळीचा तुकडा दिला. मी माझ्या फोडींच्या पिशव्या शेजारी मांडल्या. तासभर कोणी बघितलं नाही. लोक माईवाले बोंबील घेत होते आणि मला ओलांडून जात होते. मग एक कामगार थांबला. त्याने माझी पिशवी उचलली, माईला ओळखलं, नाडी सोडली, नाक आत घातलं आणि तोंड वाकडं केलं.

"ये नकली है," तो म्हणाला. "माईवाला नहीं है ये."

नकली! मी ताडकन उठलो. अर्ज, जर्नल, एकोणतिसावा वर्ग, सगळं त्याला एका दमात ऐकवलं. तो शांतपणे ऐकून घेऊन सोजराबाईकडे बघत राहिला.

"असली हाय रं भैया," ती म्हणाली. "घे तू. वो माई का बेटा है. मैं बोलती हूँ ना."

एवढ्यावर त्याचा विश्वास बसला! त्याने पिशवी विकत घेतली. मग फोडी आपल्या खिशात ओतल्या, रिकामी पिशवी सोजराबाईपुढे केली आणि म्हणाला, आता हिच्यात पाव किलो बोंबील टाक.

सोजराबाईचे दोन्ही हात तराजूत गुंतलेले. पिशवीचं तोंड मीच धरलं.