एकाच्या जागी शून्य

पाय प्लॅस्टरमध्ये, म्हणून सूनबाई घरी बसूनच वाचनालयाचा सर्व्हर सांभाळत होती. परवानगी मिळाली होती, पण अध्यक्षांनी बजावलं होतं, काही बिघडलं तर प्लॅस्टरसकट हजर व्हायचं. त्या सकाळी सर्व्हरचं वापरात नसलेलं नेटवर्क कार्ड बंद करायला तिने कमांड दिली. कार्डाच्या क्रमांकात एकाच्या जागी शून्य पडलं आणि चालू कार्डच बंद झालं. तिचं सर्व्हरशी बोलणं चालायचं ते त्याच कार्डावरून! स्क्रीन थिजली. पिंग करून हाक मारून पाहिली, तर सर्व्हर ओ देईना.

समोर सासूबाई स्वेटर विणत होत्या. "काय गं, चेहरा का उतरला?"

"काही नाही, आई," म्हणत तिने ग्रंथपालांना फोन लावला. कीबोर्ड दिसला की या गृहस्थांना घाम फुटायचा.

"सर, जिन्याखालच्या खोलीत जा. सर्व्हरवर थेट टाइप करायचंय, मी सांगते."

"मी? अहो, इथे पुस्तकांची नोंद होत नाहीये, रांग दारापर्यंत गेलीय!"

"म्हणूनच तर." ग्रंथपाल खोलीत गेले, मागोमाग रांगही गेल्याचं फोनवर ऐकू आलं. "आधी माझं नाव टाका. आता पासवर्ड..." तिने आवाज खाली आणला आणि फोनमध्ये काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने बोला, इथे पंखा घरघरतोय! काय? 'सासूबाई झोपा आता'?"

फोनमधला आवाज खोलीभर घुमला. विणायच्या सुया थांबल्या.

"हो," सूनबाई जेमतेम म्हणाली. "इंग्रजी अक्षरांत. सगळं जोडून."

"पण काहीच उमटत नाहीये!"

"पासवर्ड दिसत नसतो, सर. टाइप करत राहा."

एकेक अक्षर मोठ्याने म्हणत ग्रंथपाल एकदाचे सर्व्हरमध्ये शिरले. मग तिने कार्ड चालू करायची कमांड सांगितली, सुरुवातीला खास अधिकार मागणारा 'सुडो' शब्द लावून.

"अहो, हा पुन्हा पासवर्ड मागतोय! सासूबाई... पुढे काय हो?"

"झोपा आता!" ग्रंथपालांच्या मागून अख्ख्या रांगेने एका सुरात सांगितलं.

आणि पिंगला उत्तरं येऊ लागली, ओळीमागून ओळ. तिकडे टाळ्या पडल्या.

"अध्यक्षांना सांगू का, सर्व्हर मी चालू केला म्हणून?" ग्रंथपालांचा आवाज एकदम तरुण झाला होता.

"सांगा ना! बंद कोणी केला, तेवढं राहू द्या."

आता पासवर्ड बदलणं भागच होतं. तिने कमांड दिली खरी, पण वर बघायची हिंमत होईना.

"आई, ते... रात्री काम करताना तुम्ही सारख्या डोकावायचात ना, म्हणून..."

सासूबाईंनी आपला फोन पुढे केला. "तुझा बदलतेयस तर माझाही बदलून दे."

"तुमचा का? काय आहे तुमचा?"

सासूबाईंनी विणकामात मान खुपसली. "सूनबाई उठा आता."

नवा पासवर्ड दोनदा टाइप करायचा होता. दोघी इतक्या हसत होत्या, की तो दोन्ही वेळा वेगवेगळाच पडला.