देवरावकाकांचा ओटा

पाहुणा घरात शिरला की लोक पाणी विचारतात. आमच्या शेजारचे देवरावकाका विचारतात, "हातात निंबू तं नाही ना?"

त्यांच्या स्वयंपाकघरात पांढरा संगमरवरी ओटा आहे. लिंबाचा एक थेंब पडला की दगडाचं पाणी कायमचं उतरतं, हे त्यांनी अख्ख्या गल्लीला बजावून ठेवलंय. काका बांधकाम खात्यातून निवृत्त झाले ते थेट ओट्यावर रुजू झाले. रोज संध्याकाळी कोमट पाणी, मऊ फडकं, मग कोरडं फडकं. शेवटी डोळे मिटून सगळ्या दगडावरून तळहात फिरवायचा. साखरेचा एक कण हाताला लागला की पुन्हा पहिल्यापासून.

डब्यांचंही तेच. भिंतीकडून साखर, मीठ, तिखट, मध्ये एकेक वीत जागा. एकदा मी भिवापुरी तिखटाची वाटी द्यायला गेले आणि सहज ओट्यावर टेकवली.

"काहून ठेवली वं सुनीता इथं? दगडाले सवय नाही!"

दगडाला सवय!

खरं सांगते, मी जळायचे. ओट्यावर नाही, शालूकाकूंवर. बाई खुर्चीत बसून रेडिओ ऐकणार आणि नवरा ओटा पुसणार! आमचा ओटा काळा ग्रॅनाईटचा, त्यावर आमच्या ह्यांच्या कपाची वर्तुळं. पुसा म्हटलं तर म्हणतात, "काळ्यावर काय दिसते?" ईर्ष्येनं मी त्याला खोबरेल तेल चोळलं. चमकला खरा, पण पोळपाट घसरून माझ्याच पायावर पडला.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. काका फोन घ्यायला अंगणात गेले, काकू बाहेरच्या खोलीतून चहाला उठेपर्यंत मी स्वयंपाकघरात शिरले. मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी पटकन साखरेच्या जागी मिठाचा डबा ठेवला आणि मिठाच्या जागी साखरेचा. काका येऊन कसा थयथयाट करतात ते मला पाहायचं होतं.

काकूंनी आधण ठेवलं, ओट्यावरून हात सरकवत नेला, पहिला डबा उघडला आणि दोन चमचे मीठ चहात टाकलं. डब्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांचे डोळे समोरच्या भिंतीवर होते. चहा ओतताना त्यांनी कपात बोट धरलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

काकूंनी चहा सोडलाय, म्हणून कप दोनच. काकांनी एक घोट घेतला, थांबले.

"कसा झाला?" काकूंनी विचारलं.

"फर्स्टक्लास."

काका तळापर्यंत प्यायले. मीही प्यायले. मग त्यांनी आवाज न करता डबे जागेवर लावले आणि मला फाटकापर्यंत सोडायला आले.

"वर्ष झालं, तिले दिसत नाही. पोरगा म्हणते, सैपाकाले बाई लावा. पण ओटा सुटला तं ती खचून जाईन. तू कोणाले सांगू नको." डबे कोणी हलवले, ते त्यांनी विचारलं नाही. "माझ्याच हातून चुकले असन," म्हणाले.

घरी येऊन मी ह्यांच्यासमोर चहा ठेवला. ह्यांनी पेपरातून मान वर न काढता एक घोट घेतला.

"साखर कमी हाये आज."

शालूकाकूंचा इतका हेवा मला आधी कधीच वाटला नव्हता.