प्रभुणेकाकांची पाटी

आमच्या वस्तीत सकाळी नऊपर्यंत मौन असतं आणि ते सगळ्यांत मोठ्यानं पाळतात प्रभुणेकाका.

गळ्यात सुतळीनं अडकवलेली पाटी, कानामागे पेन्सिल. कुणी कुजबुजलं की काका पाटी धरून पुढ्यात हजर. 'शांतता. नोंद घ्यावी.' चपला वाकड्या दिसल्या, 'ओळीत. नोंद घ्यावी.' देहूरोडच्या डेपोत आयुष्यभर कारकुनी केली, ती अंगातून जाता जात नाही. एकदा मला शिंक आली, तर पाटीवर भलंमोठं प्रश्नचिन्ह काढून उभे राहिले!

कामशेतच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी आम्ही वीस-पंचवीस माणसं राहतो. मातीची घरं, ध्यान, शेणखत, एकत्र स्वयंपाक. तळेगावच्या शाळेत 'गप्प बसा' म्हणून घसा फोडण्यात माझी नोकरी सरली, त्यामुळं मला इथलं मौन फार मानवलं.

मौनाचा कस लागला तो गाय पालकात शिरली तेव्हा. सहा-सात सुशिक्षित माणसं वाफ्याभोवती नुसते हात हलवत उभी. गाईनं एकेकाकडं बघितलं आणि चरणं चालू ठेवलं. काकांनी पाटीवर 'गाय!' लिहिलं आणि ती प्रत्येकाला दाखवत फिरले. शेवटी स्वयंपाकघरातून हिरामावशी लाटणं घेऊन धावल्या.

"हाऽड! हाऽड! तोंडं शिवल्यात का तुमची? पाटीवर लिवून कुटं गाय जाती व्हय?"

हिरामावशी वरच्या वाडीतल्या. सकाळी भाकऱ्या थापायला येतात आणि थापताना अखंड बोलतात. सुनेबद्दल, शेळ्यांबद्दल, अंड्यांवर बसवलेल्या कोंबडीबद्दल. काका रोज तिथंच ओट्यावर भाजी निवडत बसायचे, पाटी पालथी घालून. मला वाटायचं, पहारा देतायत.

त्या संध्याकाळी बैठकीत पुण्याहून नव्यानं आलेल्या मीराताई म्हणाल्या, "मावशींमुळं ध्यान मोडतं. त्यांना दुपारी बोलवू या." दुपारी मावशी शेळ्या घेऊन रानात असतात, म्हणजे त्यांचं काम सुटल्यातच जमा. तरी माना हलल्या. माझीही हलली, याची आज लाज वाटते. निरोप द्यायचं काम अर्थातच काकांकडं आलं.

दुसऱ्या दिवशी मी चुलीपाशी चहा गाळत होते. काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'उद्यापासून दुपारी यावे.' 'नोंद घ्यावी' लिहिलं नाही. पाटी मावशींपुढं धरली.

मावशींनी पाटीकडं पाहिलं, मग काकांकडं. "मला कुटं वाचाय येतंय काका? काय आसंल ते तोंडानं सांगा."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. मग काकांनी बाहीनं पाटी पुसली आणि सव्वासात वाजता, भर मौनात, खणखणीत आवाजात विचारलं, "मावशी, त्या कोंबडीचं पुढं काय झालं?"

माझ्या हातून चहा सांडला.

"आवं, नऊ पिल्लं निगाली!" मावशी सुरू झाल्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून मीराताईंच्या दारात पाटी धरली, 'मावशी सकाळीच येतील. नोंद घ्यावी.' 

नऊ वाजल्यावर मी त्यांना गाठलं. "काय हो काका, तुम्हीच मौन मोडलंत?"

ते पालकाच्या काड्या मोडत होते.

"आमची ही, सुमन, सकाळी अशीच बोलायची. मी पेपर वाचत असायचो. 'जरा गप्प बस' म्हणायचो." मग म्हणाले, "रोज काहीतरी सांगायची हो. आता आठवायला बसतो, तर एक गोष्ट आठवत नाही."