प्रगतिशील शेतकरी जमीरराव

सकाळी दूध आणायला गेलेली शगुफ्ता रिकाम्या किटलीनिशी परत आली आणि दारातूनच ओरडली, "अजी, जल्दी चलो! एस.टी. स्टँडपे तुम्हारेकू लटकाया है!"

जमीरच्या हातातला चहा बशीत सांडला. तो तसाच लुंगीवर स्टँडकडे धावला. पाहतो तर खरंच. रसवंतीच्या डोक्यावर लावलेल्या घराएवढ्या फ्लेक्सवर तो स्वतः बसला होता. लाल ट्रॅक्टर, डोक्याला गुलाबी फेटा, होते नव्हते तेवढे दात बाहेर, आणि मागे पार आभाळाला टेकलेला पांढराशुभ्र कापूस. खाली भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘शुभ्रराज बियाण्यानं माझं नशीब पालटलं! – प्रगतिशील शेतकरी जमीरराव, बाभुळगाव.’

"जमीरराव!" शगुफ्ता पुटपुटली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याकडे तिनं अशा नजरेनं कधी पाहिलं नव्हतं.

या जमीररावांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. यवतमाळ रोडवर त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं, आणि कापसाच्या पऱ्हाटीशी त्याचा संबंध यायचा तो फक्त चूल पेटवताना. झालं होतं असं की, महिनाभरापूर्वी एका बियाणे कंपनीची जीप त्याच्या दारात बंद पडली. आत एक साहेब आणि एक फोटोग्राफर. दोघं निघाले होते नेरकडच्या एका आदर्श शेतकऱ्याचा फोटो काढायला. पण त्याचं सगळं पीक बोंडअळीनं खाल्लं असून कंपनीचं नाव काढलं की तो काठी घेऊन धावतो, असं त्यांना वाटेतच कळलं. साहेब डोकं धरून बसले. तेवढ्यात जमीरनं पुंडलिकरावांचा दुरुस्तीला आलेला ट्रॅक्टर चालू केला. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं म्हणून तो खुशीत हसला. साहेबांनी ते हसू पाहिलं.

"दादा, तेवढंच एकदा परत हसता का?"

फेटा जीपमध्ये होताच. कापूस नंतर कॉम्प्युटरवर उगवला. जमीरला वाटलं होतं, हौशी माणसं दिसतात, आठवण म्हणून काढत असतील.

दिवस मात्र वाईट होते. कापसाचे लागोपाठ दोन हंगाम हातचे गेले होते. तिसऱ्या पेरणीच्या तोंडावर कोणत्या थैलीवर भरवसा ठेवावा ते कोणालाच कळत नव्हतं. अशा वेळी हसणारा शेतकरी दिसला की लोक एस.टी. सोडून उभे राहत आणि नुसते पाहत.

दुसऱ्याच दिवशी मारेगावकडचे दोन शेतकरी पत्ता विचारत गॅरेजवर आले. जमीर ट्रॅक्टरखाली आडवा होता.

"जमीरराव, हंगामात किती फवारे मारता तुमी?"

"बाप्पा, मी मेकॅनिक हाय. माह्याकडं वावर नाही," जमीर खालूनच म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पाह्यलं? मी म्हनलं होतं ना तुले? खरा कास्तकार सांगत नसते."

मग रोजच माणसं येऊ लागली. काही जण त्याच्या हाताला लागलेलं काळं ऑइल नवं खत समजून वास घेऊन गेले. दुरुस्तीची कामं मात्र कमी झाली. एकानं तर स्पष्टच सांगितलं, "तुमच्यासारख्या मोठ्या मानसाले आमी सायलेन्सर साफ कराले कसं सांगावं? बरं नाही दिसत."

चौथ्या दिवशी पुंडलिकराव आले. ते आले तेच तणतणत.

"जमीर, सुनेच्या माहेरून फोन आलता. ट्रॅक्टर विकला काय म्हन्ते! साऱ्या सोयऱ्यायमंदी माही अब्रू गेली."

"पुंडलिकराव, ट्रॅक्टर तुमचाच हाय. तुमाले तं ठाऊक हाय."

"ठाऊक हाय ना, बम ठाऊक हाय." पुंडलिकराव स्टुलावर टेकले आणि त्यांनी एकदम आवाज खाली आणला. "पन माह्या ट्रॅक्टरवर बसून तू कोनाच्या वावरात उभा होता, थे सांग. एवढा कापूस आपल्या शिवारात तं नाही."

जमीरनं कपाळाला हात लावला. हात काळा होता, त्यामुळे कपाळही काळं झालं.

तरी हे सगळं त्यानं हसण्यावारी नेलं असतं. पण बाजाराच्या दिवशी रूपसिंग आला. रूपसिंग जवळच्या तांड्यावरचा. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले आणि एकाच दिवशी शाळा सोडून पळालेले. बाजाराला आला की रूपसिंग गॅरेजवर चहा घेतल्याशिवाय परत जात नसे.

"यंदा आख्ख्या वावरात शुभ्रराज," त्यानं बसता बसता सांगितलं. "ज्वारी नाही, तूर नाही. काहीच नाही."

जमीरच्या हातातला पाना खाली पडला. "रूपसिंग, तू मले लहानपनापासून पाह्यतं. मी कधी वखर तरी धरला काय?"

"नाही."

"माह्या बापानं?"

"त्यानं बी नाही."

"मंग कायले त्या फ्लेक्सच्या नादी लागून राह्यला?"

रूपसिंगनं शांतपणे चहाचा घोट घेतला. "तू मेकॅनिक हायेस, थे मले मालूम हाय. पन फोटोतला मानूस शेतकरी हाय ना!"

"थो मीच हाय ना बे!"

"मंग झालं तं," रूपसिंग म्हणाला.

जमीरला त्या दिवशी जेवण गेलं नाही. गावाची बात वेगळी. पण रूपसिंगची बायको धनीवहिनी आणि पोरं वर्षभर काय खातील, ते आता त्याच्या दातांवर ठरणार होतं. ते दात त्याला आरशात बघवेनात. म्हणून कृषी केंद्रवाले सदाशिवराव जेव्हा शेतकरी मेळाव्याचं आमंत्रण घेऊन आले आणि "प्रमुख पाहुणे तुम्हीच" म्हणाले, तेव्हा जमीरनं लगेच होकार दिला. सगळ्यांसमोर, माईकवरून खरं सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं.

मंगल कार्यालय भरून गेलं होतं. जमीर उभा राहिला. त्यानं माईक तोंडाजवळ ओढला.

"भाऊ हो, माह्याकडं वावर नाही. हे बियानं मी डोळ्यानं पाह्यलं नाही. थो ट्रॅक्टर दुसऱ्याचा, थो फेटा कंपनीचा, अन् थो कापूस खोटा हाय. माह्या तोंडाकडं पाहून कोनी काही पेरू नका!"

जमीरला वाटलं, सुटलो. तेवढ्यात जीपवाले साहेब उठले. त्यांनी माईक घेतला. दुसरा हात त्यांनी छातीवर ठेवला.

"ऐकलंत? एवढं यश मिळवूनही हा माणूस म्हणतो, माझं काहीच नाही! वावर माझं नाही, ट्रॅक्टर माझा नाही! मित्रहो, भूमिपुत्राची नम्रता म्हणतात ती हीच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी जमीरच्या खांद्यावर शाल टाकली. तो "नाही, नाही" करत राहिला, तशा टाळ्या वाढत गेल्या. थैल्यांची नोंदणी तिथंच सुरू झाली आणि रांगेत रूपसिंग डोळे पुसत उभा होता.

"काय बोलला बे तू!" तो म्हणाला. "माह्या अंगावर काटा आला."

जमीरनं त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. पाण्याच्या टाकीमागं नेलं. इतके दिवस खरं ओरडून सांगून काही झालं नव्हतं. आता त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि रूपसिंगच्या कानाला तोंड लावलं.

"कोनाले सांगशीन नाही ना?"

रूपसिंगचे डोळे चमकले. "कोनाले नाही."

"फोटोतला कापूस त्या थैलीतला नाही. साधी देशी सरकी हाय. घरी ठेवते ना आपन, तशी. कंपनीनं माहं तोंड बंद करून ठेवलं."

"अन् वावर कुठीसा हाय?"

"थे इचारू नको."

रूपसिंगनं त्याचा हात घट्ट दाबला. "मले वाटलंच होतं," तो म्हणाला आणि रांगेकडे ढुंकूनही न पाहता तांड्याकडे निघून गेला.

घरी पोचल्यावर त्यानं ही गोष्ट फक्त धनीबाईला सांगितली. धनीबाईनं फक्त विहिरीवर सांगितली. दुसऱ्या दिवशी बाभुळगावात जो तो दुसऱ्याला बाजूला घेऊन कानात बोलत होता. शुभ्रराजच्या थैल्या परत येऊ लागल्या. जमीर दोन दिवस पोटभर जेवला. खोटं बोलल्याचं थोडं वाईट वाटलं, पण घरची सरकी पेरली तर कोणाचं काय जाणार होतं?

तिसऱ्या दिवशी सदाशिवराव गॅरेजवर आले. आता हे भांडणार, म्हणून जमीर तयारीतच उभा राहिला. पण सदाशिवराव भांडले नाहीत. त्यांनी जमीरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "बरं झालं. गोडाऊनमध्ये देशी सरकीची पोती पडून होती. उंदरांशिवाय कोणी विचारत नव्हतं."

संध्याकाळी स्टँडवर नवा फ्लेक्स लागला. तोच ट्रॅक्टर, तोच फेटा, तेच दात. अक्षरं मात्र नवी होती: ‘कंपन्यांनी दडवलेलं, जमीररावांनी जपलेलं! अस्सल देशी सरकी – जमीररावांचं गुपित. साठा मर्यादित.’ दर शुभ्रराजपेक्षा चढा होता. दुकानासमोरची रांग रसवंतीच्याही पुढे गेली होती आणि त्या रांगेत सगळ्यांत पुढे होता रूपसिंग.

"अबे, घरी कनगी भरून सरकी हाय तुह्याकडं!" जमीर जवळजवळ रडकुंडीला आला. "तेच बी हाय हे! फुकटचं सोडून इकत कायले घेऊन राह्यला?"

"हाय ना घरी," रूपसिंग म्हणाला. "पन त्यावर तुहा फोटो नाही."

जमीरनं मग रांगेतल्या प्रत्येकाला हात जोडून सांगितलं की गुपित वगैरे काही नाही, मीच रचलं. लोक समजुतीनं मान हलवत होते. एकानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. "पाह्य कसा मानूस हाय, अजून लपवूनच राह्यला." आणि एक थैली घेणार होता त्यानं दोन घेतल्या.

थकून भागून जमीर घरी आला. परसात शगुफ्ता तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरत बसली होती. शेजारी सदाशिवरावांच्या दुकानाची थैली होती. तिनं बोटानं खड्डा केला, चार सरक्या टाकल्या आणि वरून माती दाबली.

जमीर तिच्यासमोर उकिडवा बसला. निदान हिला तरी खरं सांगावं म्हणून त्यानं अगदी मनापासून सांगितलं, "अगे, वो गुपित सब झूट है. मैंनेच बनाया, रूपसिंगके वास्ते."

शगुफ्तानं मान वर केली नाही. "मालूम है," ती मातीवर पाणी शिंपडत म्हणाली. "तुम सबकोइच ऐसा बोलते."

जमीरनं त्या ओल्या मातीकडे पाहिलं. मग उठला, डबा उचलला आणि परसात ऊन जिथं जास्त वेळ राहतं, त्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.