भार्गवराव तांडेल यांचे खोकल्याचे दिव्य

श्रीवरुणदेवास दंडवत. ज्याच्या ठायी बुडणारा आणि तरणारा दोघे सारखे, त्याने ही हकीकत शेवटास न्यावी. शके अठराशे नव्याण्णव, पिंगलनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी माळावर विद्येचे एक राज्य होते. त्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. राज्याच्या धन्यांस प्रजा प्राचार्य म्हणे, आपण हुजूर म्हणू. त्यांचे पदरी खेळांचा कारभार पाहण्यास राजश्री अनंतपंत निरगुडकर होते. पंत गणित उत्तम शिकवीत आणि माणसांवर विश्वास ठेवीत नसत. लहानांनी ऐकावे, थोरांनी मध्ये बोलू नये, जैसे जाहले तैसे सावकाश सांगतो.

त्या राज्यात एक तरणतलाव होता. पूर्वीच्या धन्यांनी हौसेने बांधिला, आणि मग त्यात बागेचे पाणी साठवू लागले, आणि मग बेडूक येऊन राहिले, आणि त्यांस उठा म्हणणारे कोणी नव्हते. या तलावावर पाच वर्षांमागे कोकणपट्टीहून भार्गवराव तांडेल नामे गृहस्थ आले. प्रजा त्यांस कोच म्हणे. सडपातळ बांधा, पायी रबरी चपला, गळ्यात शिट्टी. आल्या दिवशी काठी उभे राहिले, पाण्यात हात घातला आणि पंतांस बोलले की, "बेडूक झकास पोहतात, साहेब. आता माणसं द्या." पंत हसले नाहीत. जो मनुष्य समुद्र टाकून माळावर येतो त्याचे समुद्राशी काही तरी बिनसले असले पाहिजे, ऐसा त्यांनी ग्रह केला, आणि तो ग्रह रोपाला पाणी घालावे तैसा रोज जपला.

मग भार्गवरावांनी तलाव उपसला, घासला, नवे पाणी भरले, त्यात क्लोरीन घातले, आणि फौज उभी केली. फौज कसली, तर पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेली, कालव्यात म्हशींच्या शेपट्या धरून तरलेली पोरेपोरी. त्यांस प्रथम पाण्यात तोंड घालून श्वास सोडण्यास शिकविले, कारण श्वास घेणे सर्वांस येते, सोडणे कोणास येत नाही. पहिले साली स्वारीस गेले ते मार खाऊन, चड्डीचा नाडा सावरीत परत आले. दुसरे साली उताणे पोहण्याच्या शर्यतीत ढाल आणिली. तिसरे साली चौघांच्या शर्यतीत नदीपलीकडील राज्याचा पाडाव केला. त्या राज्याचे कोच सुभानराव काकडे यांच्याकडे ती ढाल इतकी वर्षे होती की त्यांच्या मंडळींनी तिच्यासाठी भिंतीत कोनाडा करविला होता. तो कोनाडा रिकामा पडला. आणि मग चौथे, पाचवे साली सुरांची ढालही याच राज्यात आली, आणि येथूनच घात सुरू जाहला.

सूर म्हणजे उंच फळीवरून पाण्यात मारलेली उडी, हे मुलांस ठाऊक आहे. परंतु कोलांटीचा सूर निराळा. त्यात उडी मारणाऱ्याने हवेत गुडघे पोटाशी घेऊन चेंडू व्हावे, गिरकी घ्यावी, आणि ऐन वेळी उघडून सरळ व्हावे. आधी उघडला तर पोट आपटते, उशिरा उघडला तर पाठ. वेळेवर उघडला तर पाणी त्यास आपलेपणाने आत घेते, आणि कापड फाडल्यागत एकच आवाज होतो. या विद्येत यमुना सातपुते नामे मुलगी सर्वांत पुढे गेली. गावच्या पायविहिरीत मुटके मारून वाढलेली, बोलण्यात फटकळ, फळीवर निर्भय. ती फळीवर चढली म्हणजे भार्गवराव काठी येऊन उभे राहत, मान वर करीत, आणि ती हवेत उघडे त्याच क्षणी एकदा खोकत. मोठा खोकला नव्हे. घशात मासळीचा काटा अडकावा इतकाच.

पंतांनी हे हेरिले. मग ते रोज तलावाकाठच्या कडुलिंबामागे छत्री उघडून बसू लागले. यमुनेने फळीवरूनच हाक दिली की, "सर, छत्री दिसतेय!" तेव्हा पंत छत्री मिटून बसले, परंतु उठले नाहीत. मुले सूर मारीत आणि भार्गवराव खोकत. यमुनेस खोकत, यमुनेच्या मैत्रिणींस खोकत, नव्याने आलेल्या पोरासही खोकत. मग पंतांनी भार्गवरावांस गाठिले आणि विचारिले की, "तांडेल, तुमच्या घशाला कोलांटी कळते काय?" भार्गवराव बोलले, "क्लोरीनने घसा बसतो, साहेब. या ना, दोन तास काठी उभे रहा. तुम्हीही खोकाल." पंत म्हणाले, "मी खोकेन. पण वेळेवर खोकणार नाही." आपण वेळेवर खोकतो हे भार्गवरावांस तोवर कोणी सांगितले नव्हते.

यानंतर राज्यात कोणी कोणाचे साधे खोकणेही साधे मानीना. पंतांनी हुजूरांच्या कानी घातले, हुजूरांच्या दालनातून बातमी फुटली, आणि कोणी सांगितले ते कळले नाही, पण नदीपलीकडे सुभानरावांस पोचली. वाचनालयात कोणी घसा साफ केला तर चार माना वळत. हुजूर सर्दीने शिंकले तरी पंत विचारात पडत.

ऐशा समयी मार्गशीर्षात मोठी मोहीम याच राज्याच्या तलावावर भरली. आठ राज्यांच्या फौजा आल्या, काठांवर मांडव पडले. सुरांच्या लढाईचे दिवशी सकाळीच सुभानराव पंचांपुढे उभे राहिले आणि बोलले की, "काठावरून इशारा करू नये असा नियम आहे. हा मनुष्य खोकून इशारा करतो. इशाऱ्यावर जिंकलेल्या ढाली आमच्या आम्हांस द्या." मुख्य पंच निवृत्त फौजी होते, आवाज तोफेचा. त्यांनी भार्गवरावांस पाचारण केले आणि विचारिले की, "हे खरे काय?" भार्गवराव म्हणाले, "मला ठाऊक नाही. मी मुलीला विचारून येतो." पंत हळूच हुजूरांस म्हणाले, "पाहिलेत? ठाऊक नाही म्हणतो."

भार्गवराव यमुनेकडे गेले. ती टॉवेल पांघरून पायरीवर बसली होती. पंत पाठोपाठ गेले आणि हाताच्या अंतरावर उभे राहिले. भार्गवरावांनी विचारिले, "यमुना, तू माझ्या खोकल्यावर उघडतेस?" ती म्हणाली, "हो, सर. सगळेच उघडतो." "कुणी शिकवलं?" "कुणी कशाला शिकवायला हवं? तुम्ही खोकलात की उघडायचं, म्हणजे पाणी लागत नाही. मला वाटलं, तुम्ही मुद्दामच खोकता." "मी मुद्दाम नाही खोकत. तुम्ही वर गेलात की माझा श्वास कोंडतो. तुम्ही उघडलात की सुटतो." यमुनेने डोळे मोठे केले. "म्हणजे सर, मी तुमच्यावर उघडते आणि तुम्ही माझ्यावर खोकता?" भार्गवरावांचे मन त्यांनाच विचारू लागले की, पाच वर्षे या पोरांस मी शिकविले की माझ्या घशाने? दुसऱ्याचा संशय मनुष्य झटकून टाकतो. हा त्यांचा स्वतःचा होता.

मग ते पंचांपुढे परत आले आणि सर्वांसमक्ष बोलले की, "खरे आहे. मुले माझ्या खोकल्यावर उघडतात. मला आज कळले." हे ऐकून काठांवर एकच गलबला जाहला. सुभानराव म्हणाले, "कबूल जाहले, ढाली काढा." हुजूरांनी मान खाली घातली. तेव्हा भार्गवराव पुढे बोलले की, "साहेब, मुलीला आज खोकल्याविना सूर मारू द्या. तिला येत असेल तर विद्या तिची आहे आणि ढाली पोरांच्या आहेत. येत नसेल तर ढाली न्या, आणि मीही माळ उतरून जातो."

मुख्य पंच विचारात पडले. खोकणार नाही म्हणतो, परंतु खोकला आला तर काय? तेव्हा पंत पुढे जाहले. पूर्वी खरेखोटे ठरविण्यास दिव्य करीत, तैसे येथे करावे, ऐसे बोलून त्यांनी तांब्याभर पाणी आणविले आणि म्हणाले की, "यांनी पाण्याची चूळ भरून तोंडात धरावी. गिळू नये, टाकू नये. भरल्या तोंडाने कोणासही खोकता येत नाही. मी समोर उभा राहून पाहतो." पंचांस हे मान्य जाहले. भार्गवरावांनी चूळ भरिली, गाल फुगले, आणि पंत त्यांच्या चेहऱ्यापासून दोन हातांवर, तलावाकडे पाठ करून उभे राहिले. सुभानरावांच्या मांडवातून कोणी बोलले की, "मुका घ्या, पंत!" परंतु पंत ढळले नाहीत.

यमुना शिडी चढून फळीवर गेली. अवघा मुलूख गप्प बसला. जो तो आपला घसा आवळून बसला आणि दुसऱ्याच्या घशावर नजर ठेवू लागला. यमुनेने एकदा खाली पाहिले. तेथे फुगलेले दोन गाल होते, बाकी काही नव्हते. मग ती पुढे आली, फळी दाबली, वर गेली, गुडघे पोटाशी घेतले, गिरकी घेतली. आणि गिरकी अर्धी असता कोठून तरी एक खोकला आला. कोणत्या मांडवातून आला ते आजपावेतो ठरले नाही. सुभानराव म्हणतात की आमचा नव्हे. खोकला मात्र हुबेहूब होता, घशात काटा अडकावा इतकाच, आणि घातकी वेळेचा होता. यमुनेने त्यावर उघडले असते तर पोट आपटले असते, आणि जिंकलेल्या ढाली पोटासवे बुडाल्या असत्या. ती उघडली नाही. ती फिरत राहिली. आणि मग आपल्या वेळी उघडली, आणि कापड फाटल्यागत आवाज जाहला, आणि पाण्यावर चार बुडबुडे राहिले.

आणि त्याच समयी भार्गवरावांच्या तोंडची चूळ फवारा होऊन पंतांच्या चष्म्यावर, मिश्यांवर आणि कोटावर गेली.

सुभानराव ओरडले की, "इशारा! त्याने तोंड उघडले!" आठ राज्ये उठून उभी राहिली. कोणी म्हणे चूळ आधी, कोणी म्हणे सूर आधी, कारण सर्वांनी यमुनेकडे पाहिले होते, भार्गवरावांकडे कोणी नाही. तेव्हा मुख्य पंच पंतांस म्हणाले, "तुम्ही समोर होतात. आधी काय जाहले?"

पंतांनी चष्मा काढिला. पाच वर्षे ज्या घडीची वाट पाहिली ती घडी भिजून त्यांच्या हाती आली होती. एक शब्द बोलले असते तर तांडेल गेले असते. ते चष्मा पुसत राहिले, कोट ओला असल्यामुळे काच आणिक धूसर जाहली, आणि ते बोलले की, "आधी पाठीमागे कापड फाटल्यागत आवाज जाहला. मग मी भिजलो." मुख्य पंचांनी दरडावून विचारिले, "नक्की?" पंत रागावले. म्हणाले, "पाच वर्षे मी याच मनुष्याच्या तोंडाकडे पाहतो आहे. दुसऱ्या कशात चुकेन, यात चुकणार नाही."

तेव्हा पंचांनी निवाडा दिला. ढाली राहिल्या, त्या सालची नवी ढालही आली, आणि नदीपलीकडचा कोनाडा रिकामाच राहिला. यमुना पाण्यातून वर आली, काठ धरून नाक शिंकरले, आणि पंच, हुजूर कोणाकडे न पाहता भार्गवरावांस विचारिले, "सर, दोनदा का खोकलात?" भार्गवराव म्हणाले, "मी एकदाही नाही खोकलो. माझं तोंड भरलं होतं." ती म्हणाली, "पहिला तुमचा नव्हता, ते कळलं मला. आधीच आला. पण दुसरा तुमचाच होता. वेळेवर आला. स्पष्ट ऐकला मी." भार्गवराव तिच्याकडे बघत राहिले. मग खाली वाकून त्यांनी तिला हात दिला आणि वर घेतले.

पंतांनी हे भाषण ऐकिले. त्यांच्या कपाळी पुन्हा आठी पडली, आणि दुसरे दिवशी सकाळी ते छत्री घेऊन कडुलिंबामागे हजर जाहले.

सारांश, भार्गवराव तांडेल यांनी त्या राज्यात पुढे बहुत वर्षे कोचपद केले, ढाली मिळविल्या, घालविल्या, पुन्हा मिळविल्या. खोकला अखेरपर्यंत गेला नाही, परंतु मुले त्याची वाट पाहीनाशी जाहली. पंतांचा संशय फिटला नाही, आणि त्यांच्याइतके खरे साक्षीदार राज्यास दुसरे लाभले नाहीत. ही हकीकत पाहिली आणि ऐकिली तैशी लिहिली. पोहणाऱ्यांस पाणी मायाळू राहो.